नात्यालाही पत्ता द्या

प्रश्न : मी बॅकएंडचं काम करते. सध्या खासगी क्लासेससाठी एक ॲप तयार होतंय. डेटाबेसमध्ये विद्यार्थ्यांचं एक टेबल आहे, बॅचचं एक. एक विद्यार्थी अनेक बॅचना बसतो, एका बॅचला अनेक विद्यार्थी असतात, म्हणून मध्ये जॉइन टेबल आहे. त्याचं नाव 'स्टुडंट_बॅच'. विद्यार्थी आणि बॅच यांचे एपीआय सहज झाले. पण विद्यार्थ्याला बॅचमध्ये घालायचं आणि काढायचं, त्याचा यूआरएल काय असावा यावर टीममध्ये एकमत होत नाही. एक जण म्हणतो, /स्टुडंट्स/७/बॅचेस/१२. दुसरी म्हणते, /बॅचेस/१२/स्टुडंट्स/७. तिसरा म्हणतो, कशाला एवढा विचार, सरळ /ॲड-स्टुडंट-टू-बॅच करून टाका. रेस्टच्या नियमाप्रमाणे बरोबर कोणतं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिघांपैकी कुणाचंच घेऊ नका. तुमच्या ॲपला /ॲडमिशन्स हवं. (पत्ते मी इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये ते नेहमीसारखे इंग्रजीतच असतील.) पहिल्या दोघांनी एकच नातं दोन बाजूंनी वाचलंय आणि तिसऱ्याने नातं सोडून क्रियेला पत्ता दिलाय. मुलगा आणि बॅच यांच्यामध्ये जे आहे ती स्वतःच एक नोंद आहे, हे तिघांच्याही नजरेतून सुटलं. क्लासच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. तो 'स्टुडंट-बॅच' असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, "ॲडमिशन झाली, पावती घ्या."

आधी नियमाबद्दल. रेस्ट ही रचना रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत सादर केलेल्या पीएचडीच्या प्रबंधात मांडली. यूआरएलमध्ये कोणता शब्द आधी यावा आणि कोणता नंतर, याचा नियम त्या प्रबंधात नाही. त्यामुळे स्लॅशच्या कुठल्या बाजूला काय, या वादाचा निकाल तिथे मिळणार नाही. तिथे जे मिळतं ते जास्त उपयोगाचं आहे. फील्डिंग म्हणतात, ज्या माहितीला नाव देता येतं ती रिसोर्स होऊ शकते. दस्तऐवज आणि चित्र तर झालंच, पण एखाद्या शहराचं आजचं हवामान किंवा इतर रिसोर्सचा संग्रह हेही त्यांनी त्यात धरलं आहे. मग सात नंबरच्या विद्यार्थ्याचा बारा नंबरच्या बॅचमधला प्रवेश का नाही?

डेटाबेसवाल्यांना ही गोष्ट त्याच्याही आधीपासून माहीत होती. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं, तेव्हा नात्याला स्वतःचे गुणधर्म असू शकतात हे स्पष्ट लिहून ठेवलं. त्यांचं उदाहरण कर्मचारी आणि प्रकल्प यांचं होतं. एखादा कर्मचारी एखाद्या प्रकल्पाला आपला किती टक्के वेळ देतो, हा आकडा कर्मचाऱ्याचा नाही आणि प्रकल्पाचाही नाही. तो त्या दोघांमधल्या नात्याचा आहे.

हीच कसोटी तुमच्या टेबलाला लावा. आज त्यात दोनच कॉलम असतील, स्टुडंट_आयडी आणि बॅच_आयडी. पुढे काय काय येणार हे क्लासचा कारभार पाहिलेल्या कुणालाही सांगता येईल. प्रवेशाची तारीख येईल. ठरलेली फी येईल, आणि ती छापील फीपेक्षा वेगळी असेल, कारण धाकट्या भावाला सवलत दिलेली असते. हप्ते येतील. रोल नंबर येईल, आणि एकाच मुलाचा रोल नंबर गणिताच्या बॅचमध्ये १४ तर फिजिक्सच्या बॅचमध्ये ३ असेल. यातला एकही कॉलम विद्यार्थ्याच्या टेबलात बसत नाही आणि बॅचच्या टेबलातही बसत नाही. नात्याला असं स्वतःचं काही आलं, की त्याला स्वतःचं नाव, स्वतःचा आयडी आणि स्वतःचा पत्ता द्यावा. माझ्या मते या विषयातला महत्त्वाचा निर्णय एवढाच आहे. बाकीचं त्यातून आपोआप सुचत जातं.

महाराष्ट्रात जमिनीचे कागद ज्यांनी हाताळलेत त्यांना हे लगेच पटेल. सातबारा गटावरून काढतात : हा गट, त्याचे हे खातेदार. आठ-अ खातेदारावरून काढतात : हा माणूस, गावातल्या त्याच्या या जमिनी. दोन्ही उतारे एकच नातं दोन बाजूंनी दाखवतात, तुमच्या पहिल्या दोन सहकाऱ्यांच्या यूआरएलसारखे. पण खरेदी झाली, वारस लागले, तर तलाठी थेट उताऱ्यावर नाव चढवत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद पडते, तिला क्रमांक मिळतो, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर बदल दिसतो. ज्याचा हक्क गेला त्याचं नाव पुसलं जात नाही. त्याला कंस होतो आणि फेरफाराचा क्रमांक तिथे राहतो. म्हणजे वाचायला दोन उतारे आणि लिहायला एक नोंदवही. तुमच्या एपीआयची रचना नेमकी अशी ठेवा.

वाचायला /स्टुडंट्स/७/ॲडमिशन्स द्या आणि /बॅचेस/१२/ॲडमिशन्सही द्या. दोन्हीवर फक्त गेट चालेल. लिहायचं मात्र एकाच ठिकाणी. काउंटरवरून पोस्ट /ॲडमिशन्स अशी रिक्वेस्ट जाते. सोबत जेसनमध्ये स्टुडंट ७, बॅच १२, ठरलेली फी ९०००. सर्व्हर नोंद करतो, २०१ क्रिएटेड हा कोड परत देतो आणि लोकेशन हेडरमध्ये नव्या नोंदीचा पत्ता देतो : /ॲडमिशन्स/३४५. इथून पुढे पावती, हप्ते, हजेरी, सगळं ३४५ ला जोडलं जातं. हप्ता भरला की पोस्ट /ॲडमिशन्स/३४५/पेमेंट्स. सवलत मंजूर झाली की पॅच /ॲडमिशन्स/३४५. आता हेच पेमेंट तुमच्या पहिल्या सहकाऱ्याच्या पद्धतीने लिहून पाहा : /स्टुडंट्स/७/बॅचेस/१२/पेमेंट्स. एकदा चालून जाईल. पण पावतीवर कोणता नंबर छापणार? '७ आणि १२ ची जोडी' हा पावतीवर लिहायचा नंबर नव्हे.

नेट अडखळलं आणि काउंटरवर बटण दुसऱ्यांदा दाबलं गेलं तर काय, हा प्रश्न तुमच्या टीममध्ये निघेलच, आणि निघायलाच हवा. तीच पोस्ट दोनदा गेली तर दोन नोंदी होऊ शकतात. म्हणून चालू ॲडमिशनपुरतं स्टुडंट आणि बॅच या जोडीवर डेटाबेसमध्येच युनिक बंधन घाला. पोस्टग्रेसमध्ये अट घालून असा युनिक इंडेक्स करता येतो. दुसऱ्या रिक्वेस्टला ४०९ कॉन्फ्लिक्ट द्या आणि आधीच्या नोंदीचा पत्ताही सोबत द्या, म्हणजे क्लायंटला पुढे जाता येईल. नुसतं कोडमध्ये 'आधी आहे का बघ, नसेल तर घाल' असं लिहून भागत नाही. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही नोंद 'नाही' असंच दिसतं आणि दोन्ही नोंदी पडतात.

'चालू ॲडमिशनपुरतं' असं मुद्दाम म्हटलं. मुलगा जूनमध्ये बसला, ऑगस्टमध्ये सोडून गेला, दिवाळीनंतर आईवडिलांनी पुन्हा आणून बसवला. क्लासेसमध्ये हे नेहमीचं आहे. /बॅचेस/१२/स्टुडंट्स/७ या पत्त्यावर एकच गोष्ट मावते. मग जूनची फी, परत दिलेली रक्कम आणि दिवाळीनंतर ठरलेली नवी फी कुठे कुठे ठेवणार? ॲडमिशनला स्वतःचा आयडी असला, की ३४५ संपली आणि ६१८ सुरू झाली. दोन्हींचे हिशेब वेगळे आणि दोन्ही शाबूत.

काढून टाकण्याचा मुद्दाही इथेच येतो. डिलीट /बॅचेस/१२/स्टुडंट्स/७ ही ओळ टीममध्ये नव्याने आलेल्या माणसाने वाचली तर त्याला काय कळेल? मुलाचं नाव या बॅचमधून कमी होणार, की मुलाची सगळी नोंदच जाणार? कागदपत्रं उघडल्याशिवाय सांगता येत नाही. डिलीट /ॲडमिशन्स/३४५ मध्ये ही शंका नाही : ॲडमिशन जाते, मुलगा आणि बॅच जागच्या जागी राहतात. तरीही माझा आग्रह असा, की ज्या नोंदीत पैसे गुंतले तिच्यावर डिलीट देऊच नका. स्टेटस 'रद्द' करा, तारीख लिहा, कारण लिहा. डिलीट फक्त चुकून पडलेल्या नोंदीसाठी ठेवा आणि तेही पावती फाडण्याआधीपर्यंतच.

तिसऱ्या सहकाऱ्याच्या /ॲड-स्टुडंट-टू-बॅच बद्दल थोडं. आज ॲड आहे. मागोमाग रिमूव्ह येईल, ट्रान्सफर येईल, सस्पेंड येईल, आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा, रिस्पॉन्सची तऱ्हा वेगळी. ट्विटरच्या जुन्या १.१ आवृत्तीत कुणाला फॉलो करायला /फ्रेंडशिप्स/क्रिएट होतं आणि सोडायला /फ्रेंडशिप्स/डिस्ट्रॉय, दोन्ही पोस्ट. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी हे मोडून एका माणसाच्या /फॉलोइंग या संग्रहावर पोस्ट आणि डिलीट अशी मांडणी केली. एक जुनी गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. नातं जोडण्या-तोडण्यासाठी एचटीटीपीतच लिंक आणि अनलिंक अशा दोन मेथड होत्या. १९९७ च्या एचटीटीपी प्रमाणाच्या परिशिष्टात त्या नमूद आहेत. फारशा कुणी वापरल्या नाहीत म्हणून १९९९ च्या आवृत्तीतून त्या गळल्या. त्यांच्यासोबत गळलेली पॅच मात्र २०१० मध्ये परत आली आणि आज सगळीकडे आहे.

जॉइन टेबलाला नाव द्या, ही शिकवण वेब डेव्हलपर्समध्ये रुजवण्यात रुबी ऑन रेल्सचा मोठा वाटा आहे. रेल्समध्ये 'हॅज अँड बिलाँग्ज टू मेनी' लिहिलं की मधल्या टेबलाचं नाव दोन्ही नावं जोडून ठरतं. त्याला मॉडेल नसतं, आयडी नसतो. २००६ मध्ये 'हॅज मेनी थ्रू' आलं आणि मधल्या टेबलाला मॉडेल म्हणून उभं राहता आलं. त्याच वर्षीच्या रेल्सकॉन्फमध्ये रेल्सचे कर्ते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी, नवी क्रिया सुचली की आधी तिच्यामागे लपलेला रिसोर्स शोधा, असा आग्रह धरला. कुणाला ग्रुपमध्ये घेणं ही क्रिया आहे. मेंबरशिप हा रिसोर्स आहे.

हाच धडा गिटहबच्या एपीआयमध्ये प्रत्यक्ष पाहता येतो. टीममध्ये माणूस घालायचा त्यांचा जुना पत्ता /टीम्स/अमुक/मेंबर्स/तमुक असा होता. त्यावर पुट पाठवलं की माणूस आत. नंतर निमंत्रणाचा प्रश्न आला. जो माणूस अजून संस्थेचाच सभासद नाही त्याला टीममध्ये बोलवायचं आहे, आणि त्याने अजून होकार दिलेला नाही. तो सध्या आत आहे की बाहेर? मेंबर्सच्या यादीत या स्थितीला जागा नव्हती. म्हणून /मेंबरशिप्स आलं. त्यात माणसाची भूमिका असते, साधा सभासद की मेंटेनर, आणि स्थिती असते, प्रलंबित की चालू. जुना पत्ता त्यांच्या कागदपत्रांत पुढे 'लेगसी' म्हणून नोंदला गेला. एवढ्या मोठ्या एपीआयला जे नंतर करावं लागलं ते तुम्हाला सुरुवातीलाच करता येतंय.

दोन गोष्टी पटकन सांगतो. पहिली, पत्ते खोल करू नका. /इन्स्टिट्यूट्स/३/कोर्सेस/५/बॅचेस/१२/ॲडमिशन्स/३४५ असं लिहायची गरज नाही, कारण ३४५ ला आपली बॅच माहीत आहे आणि बॅचला आपला कोर्स. रेल्सचं अधिकृत मार्गदर्शकही एकापेक्षा जास्त पातळी खोल जाऊ नका असंच सांगतं. खोल पत्त्यात आणखी एक धोका असतो : बारा नंबरची बॅच खरंच पाच नंबरच्या कोर्सची आहे का, हे तपासायचं राहून जातं आणि एका क्लासच्या माणसाला दुसऱ्या क्लासची माहिती दिसते. दुसरी, परवानग्या. ॲडमिशन कुणी पाहावी, कुणी रद्द करावी, हे नियम आता एकाच ठिकाणी लिहिता येतील; विद्यार्थ्याच्या कंट्रोलरमध्ये अर्धे आणि बॅचच्या कंट्रोलरमध्ये अर्धे असं होणार नाही.

आणि टेबलाचं नावही बदला. 'स्टुडंट_बॅच' चं 'ॲडमिशन्स' करा. ॲप अजून बाहेर गेलेलं नाही तोवर हे एका मायग्रेशनचं काम आहे.

प्रश्न : आमच्या साइटवर लेख आणि टॅग यांच्यामध्ये जॉइन टेबल आहे. त्यालाही असाच वेगळा रिसोर्स करायचा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. लेखाला टॅग लावला किंवा काढला, यापलीकडे त्या नात्याजवळ स्वतःचं काही नाही. एकाच लेखाला एकच टॅग दोनदा लागण्याला अर्थ नाही. अशा कोऱ्या नात्याला जोडीचाच पत्ता पुरतो. पुट /आर्टिकल्स/५१/टॅग्ज/पाऊस पाठवलं की टॅग लागला, त्याच पत्त्यावर डिलीट पाठवलं की निघाला. पुट आणि डिलीट या दोन्ही मेथडचा करार असा, की तीच रिक्वेस्ट कितीही वेळा आली तरी परिणाम एकदाच्याइतकाच. घाटात रेंज गेली, ॲपने परत पाठवलं, तरी काही बिघडत नाही. ॲडमिशनच्या पोस्टला जी खबरदारी घ्यावी लागली ती इथे आयतीच मिळते.

गिटहबचा स्टार अगदी असाच चालतो. रेपॉझिटरीला स्टार द्यायला /यूजर/स्टार्ड/मालक/रेपो या पत्त्यावर पुट करतात, काढायला डिलीट, आणि दोन्हीचं उत्तर २०४, म्हणजे झालं, परत द्यायला मजकूर नाही. स्टार दिलाय का हे विचारायला त्याच पत्त्यावर गेट. दिला असेल तर २०४, नसेल तर ४०४. पत्ता आहे की नाही, एवढ्यातच 'होय' किंवा 'नाही' कळतं. मला ही रचना फार सुंदर वाटते. आणि स्टारला एक स्वतःची गोष्ट आहे, तो दिल्याची तारीख. ती यादीत हवी असेल तर ॲक्सेप्ट हेडरमध्ये वेगळा मीडिया टाइप मागावा लागतो. म्हणजे नातं पूर्ण कोरं क्वचितच असतं. त्याच्याजवळ जे आहे ते तुमच्या वापरणाऱ्यांना रोज लागतं का, हे बघून ठरवायचं.

संपादक टॅगची सगळी यादी एकदम बदलत असेल तर पूर्ण संग्रहावर पुट देता येईल, पण एक दक्षता घ्या. दोन संपादकांनी तोच लेख उघडलाय; एकाने 'पाऊस' घातला आणि सेव्ह केलं, दुसऱ्याने जुनी यादी समोर धरून 'शेती' घातला आणि सेव्ह केलं. पहिल्याचा 'पाऊस' गेला आणि कुणाला कळलंही नाही. यासाठी यादीसोबत ईटॅग द्या आणि बदलताना इफ-मॅच हेडर सक्तीचा करा. मधल्या काळात यादी बदलली असेल तर सर्व्हर ४१२ देईल आणि दुसरा संपादक नवी यादी बघून पुन्हा बदल करेल.

२०१५ मध्ये पक्क्या झालेल्या जेसन-एपीआय या प्रमाणात आणखी एक पद्धत आहे. तिथे /आर्टिकल्स/५१/रिलेशनशिप्स/टॅग्ज असा पत्ता सुचवलेला दिसतो. त्यावर पोस्ट केलं की टॅग वाढतात, डिलीट केलं की कमी होतात, पॅच केलं की सगळी यादी बदलते. मधल्या 'रिलेशनशिप्स' मुळे नातं तुटतंय, टॅग नव्हे, हे वाचणाऱ्याला कळतं. अडचण एवढीच, की काढायचे टॅग डिलीटच्या बॉडीत पाठवावे लागतात, आणि डिलीटच्या बॉडीला एचटीटीपीने ठराविक अर्थ दिलेला नाही. काही सर्व्हर किंवा प्रॉक्सी अशी रिक्वेस्ट नाकारू शकतात. तुमच्यापुढे कोणता प्रॉक्सी आहे ते आधी पाहा.

उद्या टॅग कुणी लावला आणि संपादकाने तो मंजूर केला का, हे साठवायची वेळ आली, तर मात्र /टॅगिंग्ज करा. तेव्हा ते नातं कोरं उरलेलं नसेल.

प्रश्न : आमचा जोडीचा पत्ता असलेला एपीआय मोबाइल ॲपमध्ये कधीच गेलाय आणि दुकानदार तो वापरताहेत. आता बदलायचा तर कसा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी डेटाबेस बदला, पत्ता नंतर. जॉइन टेबलाला आयडी आणि लागणारे कॉलम द्या, नवा रिसोर्स त्यावर उभा करा आणि जुना पत्ता तसाच चालू ठेवून आतून त्याच टेबलावर लिहू द्या. जुन्या पत्त्यावर पुट आलं की आत नवी नोंद पडावी. डिलीट आलं की तिचं स्टेटस बदलावं. जुन्या ॲपला फरक कळता कामा नये. जुन्या पत्त्याच्या रिस्पॉन्समध्ये सनसेट हेडर घाला. या हेडरची व्याख्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पत्ता कोणत्या तारखेनंतर बंद होण्याची शक्यता आहे ते तो सांगतो. तुमचा एपीआय दुसऱ्या कंपन्याही वापरत असतील तर हेडरवर विसंबू नका. त्यांना मेल करा, फोन करा.

मग लॉग पाहत राहा. जुन्या पत्त्यावर रोज किती रिक्वेस्ट येतात आणि ॲपच्या कोणत्या आवृत्तीतून येतात, हे मोजा. हेडरमधली तारीख उलटली तरी दुकानांतून तिथे रिक्वेस्ट येत असतील तर तारीख पुढे ढकला. त्या फोनवर नवी आवृत्ती पोचलेली नसते आणि पत्ता बंद झाला तर गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकानदाराचं काम अडतं.